न रंगवावयाचे घर

सुवर्णमहोत्सवाच्या तयारीसाठी मंडळाच्या कार्यकारिणीची जी पहिली सभा भरली, तीत सर्वांत अधिक वेळ घेतला तो नाटकाने नव्हे, या स्मरणिकेनेही नव्हे, तर मंडळाच्या वास्तूला द्यावयाच्या रंगाने. पिवळा की पांढरा, एवढ्यावर वाद थांबता तर त्यात नवल नव्हते. परंतु एका तरुण सभासदाने सूचना मांडली की, दर चार-पाच वर्षांनी परांची बांधा, रंगारी शोधा, वर्गणी मागा, या जाचातून कायमचे सुटावयाचे असेल तर दर्शनी भिंतींवर प्लॅस्टिकच्या पट्ट्या ठोकून घ्याव्यात. त्यांना म्हणे जन्मात रंग लागत नाही. सूचना टाळ्यांच्या गजरात मंजूर होण्याच्या बेतात होती. मी एवढेच म्हणालो की, जन्मात रंग न लागणाऱ्या अशा एका घराला गेल्या उन्हाळ्यात मी स्वतःच्या हाताने रंग लावून आलो आहे. सभा हसली, विषय पुढे ढकलला गेला आणि संपादकांनी शिक्षा म्हणून हा लेख मजकडे सोपविला.

माझी कन्या अमेरिकेत ओहायओ राज्यात, कोलंबस शहराच्या एका उपनगरात राहते. तिचे घर तिकडील बहुतेक घरांप्रमाणे लाकडी सांगाड्याचे आहे. बाहेरून पाहिले तर आडव्या फळ्या एकीवर एक चढवून बसविल्यासारख्या दिसतात. त्यांवर लाकडाच्या रेषाही उमटलेल्या आहेत. जवळ जाऊन बोट टेकविले की कळते, हे लाकूड नव्हे. व्हायनिल नावाच्या प्लॅस्टिकच्या त्या पोकळ पट्ट्या. त्यांना तिकडे साइडिंग म्हणतात. मूळचा पांढरा रंग उन्हाने राखाडी झाला होता आणि हात फिरविला की तळव्याला खडूसारखी भुकटी लागत होती. प्रत्येक खिडकीच्या दोन्ही अंगांस झिलमिलीच्या अरुंद झडपा होत्या. त्यांचे नाव 'शटर'. आपल्याकडे शटर म्हटले की दुकानाचा गुंडाळता पत्रा डोळ्यांपुढे येतो. तिकडे खिडकीच्या बाहेरच्या दारांना हा शब्द आहे. नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे कलकत्त्यात काढली. उत्तर कलकत्त्याच्या जुन्या घरांच्या त्या हिरव्या 'खडखड्या' ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना हे रूप चटकन उमगेल.

जावईबापूंनी दोन आठवड्यांची रजा काढून घर रंगविण्याचा घाट घातला होता. मी सहज विचारले, "अहो, हे घर घेताना तर तुम्ही सांगितले होते की, याला रंग लागत नाही." ते हसून म्हणाले, "बाबा, तसे मला विकणाऱ्यानेही सांगितले होते." पुढे दुपारच्या उन्हात काम थांबे तेव्हा मी तेथील सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन बसत असे. घराच्या कातडीचा हा इतिहास तेथे हाती लागला. तो वरवर पाहता फळ्यांचा आणि डब्यांचा इतिहास आहे. परंतु त्यात आपल्या हिंदुस्थानचाही वाटा निघाला, आणि काही मुलाबाळांच्या जिवाचाही.

इंग्रज वसाहतवाले सतराव्या शतकात न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर स्थिरावले तेव्हा जंगल मुबलक होते. त्यांनी लाकडाचे सांगाडे उभारून बाहेरून फळ्या ठोकल्या. वरच्या फळीची कड खालच्या फळीवर चढलेली, आपल्या कौलांसारखी, म्हणजे पाणी आत शिरत नाही. मॅसॅच्युसेट्समधील डेडम गावचे फेअरबँक्स घर हे त्या खंडावर आजवर उभे असलेले सर्वांत जुने लाकडी सांगाड्याचे घर मानतात. त्याचे लाकूड १६३७ ते १६४१ च्या दरम्यानचे आहे, हे वृक्षवलयांच्या परीक्षेवरून ठरले आहे. त्या आरंभीच्या काळात बहुतेक घरांना रंग नसे. रंग समुद्रापलीकडून येई आणि महाग असे. ऊन, पाऊस आणि बर्फ खाऊन फळ्या रुपेरी करड्या होत. अमेरिकन घर म्हटले की जे पांढरेशुभ्र चित्र मनात येते, ते म्हणजे मागाहून आलेली श्रीमंती आहे.

हा पांढरा रंग म्हणजे शिशाचा सफेदा. तो करण्याची डच रीत ऐकण्यासारखी आहे. मातीच्या भांड्यांत व्हिनेगर, म्हणजे शिरका, ओतावयाचा. त्याच्या वर शिशाच्या पातळ गुंडाळ्या ठेवावयाच्या. अशा भांड्यांचे थर घोड्याच्या लिदीत किंवा चामडे कमावून उरलेल्या सालीत पुरून खोली बंद करावयाची. लिदीच्या उष्णतेने शिरक्याची वाफ होते, कुजण्यातून कार्बनिक वायू निघतो आणि सुमारे ३ महिन्यांनी खोली उघडली की करड्या शिशावर पांढऱ्या पापुद्र्यांची भरघोस पुटे चढलेली दिसतात. ती खरवडावयाची, धुवावयाची, दळावयाची. उकिरड्यातून इतके शुभ्र काही निघावे, याचे त्या काळच्या प्रवाशांना कौतुक वाटे. खरवडणाऱ्या मजुरांच्या पोटातल्या कळा आणि लुळे पडलेले मनगट यांचे कौतुक करण्यास कोणी थांबत नसे.

सफेद्याची ही पूड ज्यात खलावयाची, ते तेल जवसाचे. आपल्या वैदर्भीय मंडळींना जवस म्हटले की चटणी आठवते. परंतु जवसाच्या तेलाचा एक गुण असा की, ते उडून जात नाही, तर हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि पातळ कातड्यासारखे लाकडाला धरून राहते. आपले रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात, ते हेच उकळलेले तेल. आणि येथे हिंदुस्थानचा संबंध येतो. १८३३ साली बोस्टनहून 'टस्कनी' नावाचे जहाज १८० टन बर्फ घेऊन निघाले आणि चार महिन्यांनी हुगळीत शिरले, तेव्हा त्यातील सुमारे १०० टन बर्फ शाबूत होता. कलकत्त्याच्या साहेबांच्या पेल्यांत अमेरिकेतील तळ्यांचा बर्फ पडू लागला, ही गोष्ट अनेकांनी लिहिली आहे. परतीच्या जहाजांत काय जाई, हे मात्र कमी लोक सांगतात. नीळ, सोरा, ताग, कातडी, लाख आणि जवस. बोस्टन आणि न्यूयॉर्क येथे 'कलकत्ता जवस' हा मालाचा एक ओळखीचा प्रकार होऊन बसला होता. तिकडील घाण्यांत तो गाळला जाई. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास न्यू इंग्लंडमधील जी घरे पांढऱ्या रंगाने झळकत होती, त्यांच्यातील कितींच्या तरी भिंतींवर गंगेच्या खोऱ्यातले शेत वाळून बसले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

चार्ल्स डिकन्स १८४२ साली अमेरिकेत फिरला, तेव्हा त्या गावांचा पांढरेपणा आणि खिडक्यांच्या झिलमिलींचा हिरवेपणा त्याच्या डोळ्यांत भरला; गाव जणू आज सकाळी उभारून रंगविले असावे, असा त्याचा आशय आहे. पांढऱ्या भिंती व हिरवी झडपे ही जोडी तेव्हा जवळजवळ सार्वत्रिक झाली होती. हा हिरवाही निष्पाप नव्हता. एक हिरवा तांब्यापासून, म्हणजे आपण ज्याला जंगाल म्हणतो त्यापासून होई. दुसरा शिशाच्या पिवळ्यात प्रशियन निळा मिसळून होई. आणि तिसऱ्यात तर सोमल असे, तोच पुढे पिकांवरील कीड मारण्यास वापरू लागले. त्याच १८४२ साली अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग या उद्यानतज्ज्ञाने खेड्यातील घरांवर पुस्तक लिहून या पांढऱ्यावर हल्ला चढविला. हिरव्या झाडीत पांढरे घर डोळ्यांना टोचते. घराला माती, दगड, झाडाची साल यांचे रंग असावेत, असे त्याचे म्हणणे. पुढे काही दशके तपकिरी, करडे, पिवळसर रंग प्रतिष्ठेचे झाले, आणि मग पांढरा पुन्हा परतला. शेतकरी मात्र या वादात पडला नाही. त्याने आपले धान्याचे कोठार लोखंडाच्या तांबड्या मातीने रंगविले. हा आपल्या गेरूचाच सगोत्र; स्वस्त, टिकाऊ आणि निरुपद्रवी.

रंगाचे दुसरे काम सोंग घेण्याचे. जॉर्ज वॉशिंग्टनचे व्हर्जिनियातील माउंट व्हर्नन हे घर दुरून दगडी वाटते. ते लाकडी आहे. १७५० च्या दशकात त्याने फळ्यांच्या कडा तिरक्या तासून त्यांना चिऱ्यांचा आकार दिला आणि ओल्या रंगावर वाळू उधळली. राष्ट्राच्या भावी जनकाला दगडाची ऐपत नव्हती असे नव्हे; त्या प्रदेशात हे सोंग चलनी होते. प्लॅस्टिकवर लाकडाच्या रेषा उमटवणाऱ्या आजच्या कारखानदाराला मी पूर्वी हसत असे. माउंट व्हर्ननची हकीकत वाचल्यापासून हसणे सोडले.

तोवर रंग ही विकत घ्यावयाची वस्तू नव्हती. ते रंगाऱ्याचे काम होते. तो दारी येई, दगडी पाट्यावर पूड तेलात घोटी, अंदाजाने मिसळी आणि लावी. काल केलेली छटा आज पुन्हा जुळेलच असे नसे. १८६७ साली ओहायओतील डी. आर. अ‍ॅव्हरिल याने तयार मिसळलेल्या रंगाचे पेटंट घेतले. पुढे त्याच राज्यातील क्लीव्हलँडच्या शेर्विन-विल्यम्स कंपनीने १८७७ मध्ये पुन्हा घट्ट मिटता येईल अशा पत्र्याच्या डब्याचे पेटंट मिळविले. डबा वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु अर्धा रंग आज लावून उरलेला पुढच्या महिन्यासाठी ठेवता येऊ लागला, तेव्हा घरमालकाने स्वतः ब्रश हाती धरला. आगगाडीने डबे गावोगाव गेले, छटांची रंगीत पत्रके गेली, आणि घर रंगविणे हा अमेरिकन गृहस्थाचा उन्हाळी संस्कार झाला. शिडीवर चढलेला बाप आणि खाली डबा धरून उभा मुलगा, हे दृश्य त्या डब्याने घडविले.

त्या डब्यात शिसे होते. येथे थोडे थांबले पाहिजे. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे लॉकहार्ट गिब्सन नावाच्या डॉक्टरने १९०४ साली दाखवून दिले की, लहान मुलांना होणाऱ्या शिशाच्या विषबाधेचे मूळ घरांच्या रंगविलेल्या भिंतींत आणि व्हरांड्याच्या कठड्यांत आहे. उन्हाने रंगाची भुकटी होते, मूल कठडा धरून उभे राहते आणि तीच बोटे तोंडात घालते. अमेरिकेत अ‍ॅलिस हॅमिल्टन या डॉक्टरबाईंनी १९१० पासून इलिनॉय राज्यातील कारखान्यांत हिंडून मजुरांच्या विषबाधेचा माग काढला. पुढे १९१९ साली त्या हार्वर्डच्या पहिल्या स्त्री अध्यापक झाल्या. फ्रान्सने रंगकामातील सफेद्याविरुद्ध कायदा १९०९ मध्ये केला. जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने घरांच्या आतील कामात सफेदा वापरू नये असा करार १९२१ मध्ये केला. अमेरिकेने घरगुती रंगात शिशावर बंदी घातली ती १९७८ साली. फ्रेंच कायद्यापासून मोजले तर ६९ वर्षे. या काळात शिशाच्या कंपन्या मुलांच्या चित्रांनी सजविलेल्या जाहिराती करीत होत्या. आपल्याकडे शिशाची मर्यादा दशलक्षात ९० भाग अशी ठरविणारे नियम २०१६ साली निघाले आणि पुढील वर्षी अंमलात आले. मंडळासाठी रंग आणणाऱ्यांनी डब्यावरचा तो मजकूर वाचूनच डबा घ्यावा, ही विनंती मी याच लेखातून करून ठेवतो, कारण सभेत ती ऐकू जाणार नाही.

सफेद्याची जागा घेतली टायटॅनियमच्या पांढऱ्याने. तो निर्विष आहे आणि झाकण्यात सफेद्याहून सरस. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्याचे कारखाने निघाले आणि त्यांना लागणारे इल्मेनाइट हे खनिज दुसऱ्या महायुद्धापर्यंत मोठ्या प्रमाणावर पुरविले ते त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूने. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही ते खनिज आहे. काळ्या वाळूतून पांढरा रंग निघतो, हे उकिरड्यातून सफेदा निघण्याइतकेच नवलाचे. परंतु कारखान्यांच्या युगात कोणाला त्याचे नवल उरले नाही. १९४० च्या दशकात पाण्यात मिसळणारे रंग क्लीव्हलँडच्याच कंपन्यांनी बाजारात आणले आणि जवसाची सद्दी संपत आली.

इतके होऊनही घराला दर काही वर्षांनी रंग लागतच होता. त्याचा कंटाळा हा व्यापाऱ्यांना दिसलेला खरा बाजार. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जुन्या फळ्यांवर डांबरी कागद ठोकू लागले. त्यावर विटांचे चित्र असे. मग अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या चकत्या आल्या. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा विमानांसाठी उभारलेले अ‍ॅल्युमिनियमचे कारखाने रिकामे पडू लागले, आणि भट्टीत भाजून रंग बसविलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या घरांवर चढू लागल्या. त्या विकणाऱ्यांच्या कथा रसभरित आहेत. विक्रेता दारात येऊन सांगे की, तुमचे घर आम्ही नमुन्याचे घर म्हणून निवडले आहे. शेजाऱ्यांनी ते पाहून पट्ट्या घेतल्या की प्रत्येक घरामागे तुम्हांला दलाली. गृहस्थ सही करी, शेजारी काही येत नसत, आणि हप्ते मात्र येत. १९६३ सालच्या बॉल्टिमोरमधील अशा विक्रेत्यांवर बॅरी लेव्हिन्सन याने १९८७ साली 'टिन मेन' हा चित्रपट काढला आहे. अ‍ॅल्युमिनियमला पोचे पडत, आणि भाजलेला रंगही कालांतराने भुकटीच होई.

व्हायनिल यानंतरचे. त्याचे शास्त्रीय नाव पॉलिव्हिनिल क्लोराइड. आपल्या नळांचे पीव्हीसी ते हेच. वजनाने त्यात निम्म्याहून अधिक क्लोरीन असते, म्हणजे मूळ मीठच. १९२६ साली ओहायओतील एका रबर कंपनीचा रसायनज्ञ वॉल्डो सेमन याने त्याला लवचीक रूप दिले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबसच्याच एका कारखान्याने त्याच्या पट्ट्या घरांसाठी काढल्या. ज्या राज्याने रंग डब्यात भरून घरोघर पाठविला, त्याच राज्याने रंगाची गरज संपविण्याचा विडा उचलला, हा योगायोग मला गमतीचा वाटला; जावईबापूंना वाटला नाही, ते शिडीवर होते. आरंभीच्या पट्ट्यांची छटा एकसारखी नसे, थंडीत त्या तडकत, उन्हात वाकत. पुढे मिश्रण सुधारले, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापासून कित्येक वर्षे अमेरिकेतील नव्या घरांवर सर्वांत अधिक चढलेले आच्छादन हेच होते. रंग वरून लावलेला नसून पट्टीच्या अंगातच मुरलेला आहे, तेव्हा तो उडणार कोठे, हा विक्रीचा मंत्र. तो अर्धा खरा होता. रंग पोपडे धरून उडत नाही. जागच्या जागी फिकट होतो.

झडपांची कथा अधिक करुण. मूळची झडपे बिजागरीवर फिरत; वादळात मिटत, उन्हात झिलमिल तिरकी करून वारा आत घेत, आणि उघडी असताना वाऱ्याने आपटू नयेत म्हणून भिंतीला लोखंडी आकडे असत. काचा मोठ्या झाल्या, जाळ्या आल्या, वातानुकूलन आले, आणि झडपांना काम उरले नाही. परंतु झडपांवाचून घर उघडे-बोडके दिसते, असे लोकांना वाटे. म्हणून ती राहिली, भिंतीला स्क्रूने जखडून. माझ्या कन्येच्या घरची एक जोडी मी मोजली. दोन्ही मिटली असती तरी खिडकीचा निम्मा भागही झाकला गेला नसता. बिजागरी नाही, आकडा नाही. झिलमिलीच्या फटी नुसत्या कोरलेल्या. त्यांतून वारा जात नाही, गांधीलमाश्या मात्र मागे घर करतात.

सोंगाला माझा विरोध नाही, हे मी वर सांगितलेच. माझी तक्रार निराळी आहे. गृहस्थ दर काही वर्षांनी फळ्या खरवडून रंगवीत असे, तेव्हा त्याची नजर आणि बोटे घराच्या प्रत्येक हातभर जागेवरून फिरत. कोठे वाळवी लागली, कोठे पाणी मुरते, कोणता खिळा सैल झाला, हे त्याला कळे. आच्छादन ठोकले की हे कळणे थांबते. अमेरिकेच्या अंतर्गत व्यवहार खात्याने ऐतिहासिक इमारतींच्या जतनासाठी ज्या माहितीपुस्तिका काढल्या, त्यांतील आठवी १९७९ साली निघाली व १९८४ मध्ये सुधारली गेली. तिचा विषय अ‍ॅल्युमिनियम आणि व्हायनिलची साइडिंग हाच. नक्षी झाकली जाते ही एक हरकत. खरी भीती ही की, आतील ओल आणि किडीचे काम मालकाला न दिसता चालू राहते. आपल्या आजीने दसऱ्यापूर्वी भिंतीला चुना देताना पोकळ गिलावा हाताने ठोकून पाहिला, तेव्हा तिने अशी पुस्तिका वाचलेली नव्हती.

आणि या पट्टीची स्वतःचीही एक काळी बाजू आहे. १९७४ च्या जानेवारीत केंटकीतील लुइव्हिल येथील कारखान्यातून बातमी आली की, तेथे व्हिनिल क्लोराइड वायूशी काम करणारे कामगार यकृताच्या एका अत्यंत विरळा कर्करोगाने दगावले आहेत. हा वायू म्हणजे पीव्हीसीचा कच्चा माल. त्याच वर्षी कारखान्यांतील हवेत त्याची मर्यादा दशलक्षात एका भागावर आणणारा नियम झाला. तयार पट्टी भिंतीवर निरुपद्रवी असते. भोगतात ते ती करणारे, आणि कधी कधी वाटेवरचे गाव. २००२ साली ज्युडिथ हेल्फँड यांनी आपल्या आईवडिलांच्या घरावरील निळ्या व्हायनिलचा माग काढीत 'ब्लू व्हायनिल' हा अनुबोधपट केला, त्याचा विषय हाच. ३ फेब्रुवारी २०२३ रोजी ओहायओतीलच ईस्ट पॅलेस्टाइन गावी मालगाडी रुळांवरून घसरली. तीत हा वायू होता. तीन दिवसांनी पाच वाघिणींतील साठा मुद्दाम बाहेर सोडून जाळण्यात आला, आणि गावावर काळा ढग चढला. सफेदा खरवडणाऱ्या मजुराला कोणी विचारले नव्हते. या गावालाही नाही.

आता प्रत्यक्ष रंगकाम. ते वाटले तितके सरळ नव्हते. प्रथम झडपा स्क्रू काढून उतरविल्या. त्यांच्या मागे भिंतीवर नव्या दुधासारखे पांढरे आयत निघाले. ऊन न लागलेला मूळ रंग तेवढा उरला होता, आणि त्याच्या शेजारी बाकीचे घर किती मळले आहे हे प्रथमच दिसले. मग पाण्यात पांढरा शिरका आणि साबण मिसळून मऊ ब्रशाने सारी भुकटी धुवून काढली. भुकटीवर लावलेला रंग भुकटीबरोबरच गळतो, हा नियम चुन्याच्या भिंतीलाही लागू आहेच. पट्टीचे खिळे मुद्दाम सैल ठेवलेले असतात, कारण सुमारे १२ फुटांची पट्टी थंडी-उन्हाच्या फरकाने अर्ध्या इंचापर्यंत लांबते आणि आखडते. म्हणून रंगही तिच्याबरोबर ताणला जाईल असा, पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक लागतो.

गोंधळ झाला छटेवरून. नातीला घर गडद निळे हवे होते. दुकानदाराने मान हलविली. गडद रंग ऊन पितो. पट्टी ७० अंश सेल्सिअसच्या पुढे गेली की मऊ पडते आणि एकदा वाकली की पुन्हा सरळ होत नाही. शेजारच्या नव्या धर्तीच्या काचांवरून परावर्तित झालेल्या उन्हानेही काही घरांच्या पट्ट्या वितळल्या आहेत. छटा किती प्रकाश परत टाकते, याचा शून्य ते शंभर असा अंक असतो. व्हायनिलसाठी तो ५५ च्या खाली जाऊ नये, असा जुना दंडक. आता उष्णता परतविणारी रंगद्रव्ये घालून काही गडद छटाही मिळतात, त्या महाग. शिवाय वसाहतीच्या गृहसंघाची परवानगी हवी, आणि संघाच्या यादीत निळा नव्हताच. अखेर भिंतीला फिकट राखी आणि झडपांना निळा, असा तह झाला. सावलीची भिंत आधी, उन्हाची मागून, या क्रमाने दोन हात दिले. माझ्याकडे झडपा होत्या. अंगणात दोन घोड्यांवर आडव्या टाकून एकेक पात रंगवीत बसलो. वारा न घेणाऱ्या त्या फटींत ब्रश घालताना कलकत्त्याच्या खडखड्या आठवत होत्या.

त्याच आठवड्यात, शहराच्या जुन्या भागात, जावईबापूंच्या परिचयाच्या एका वृद्ध बाईंच्या घराची साइडिंग काढण्याचे काम चालू होते. घर १९२० च्या दशकातले. आम्ही पाहण्यास गेलो. घराभोवती जमिनीवर प्लॅस्टिक पसरले होते आणि कामगारांच्या तोंडाला मुखवटे होते, कारण १९७८ पूर्वीच्या घरांत जुना रंग छेडावयाचा तर शिशापासून संरक्षणाची तालीम घेतलेलेच लोक लागतात, असा तेथे २०१० पासून नियम आहे. एकेक पट्टी निघत होती आणि खालून फळ्या बाहेर येत होत्या, पांढऱ्या, भेगाळलेल्या. एका कोपऱ्यात चार फळ्या स्पंजासारख्या कुजल्या होत्या, बाकीच्या ठणठणीत. खिडकीच्या चौकटीला लोखंडी बिजागऱ्यांचे खुंट तसेच होते, आणि एका खुंटामागे हिरव्या रंगाचा नखाएवढा पापुद्रा. बाईंनी तो काढू दिला नाही. झडपे कोणत्या रंगाची करावयाची, हे दुकानदाराला दाखविण्यासाठी त्यांना तो हवा होता. म्हणाल्या, या वेळी ती मिटणारी करून घेणार आहे.

मी परत आलो त्याला आता चार महिने झाले. मंडळाच्या पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर रंगाचा विषय तिसऱ्या क्रमांकावर आहे, आणि पश्चिमेच्या भिंतीचा पोकळ गिलावा सभेपूर्वी हाताने ठोकून पाहण्याचे काम माझ्याकडे आले आहे.